मिनिटाला वीस

(वॉर्डातलं सिस्टरांचं टेबल. सकाळची फेरी नुकतीच आटोपली आहे.)

मोठ्या सिस्टर : काल दोनला वीस, चारला वीस, सहाला वीस. अगं, माणूस श्वास घेत होता की घड्याळ टिकटिकत होतं?

धाकटी : ताप, बीपी, नाडी मी खरंच घेतली होती, सिस्टर. ते मशीनच दाखवतं.

मोठ्या सिस्टर : आणि श्वास?

धाकटी : तो मोजावा लागतो.

मोठ्या सिस्टर : मग मोजलास?

धाकटी : नाही. एकटीच्या वाट्याला अठ्ठावीस पेशंट होते. आणि तो रकाना रिकामा ठेवला की नोंदींचा टॅब पुढे सरकूच देत नाही.

मोठ्या सिस्टर : म्हणून दिलेस वीस ठोकून.

धाकटी : हो. टॅबने त्यावरून हिशोब करून त्या शिंपी मास्तरांच्या नावापुढे हिरवं दाखवलं. तीस भरले असते तर लाल झालं असतं, डॉक्टर धावत आले असते. कळतंय मला सगळं. आणि संध्याकाळी साडेसहाला मास्तर वारले.

मोठ्या सिस्टर : त्यांची बायको दिवसभर खाटेपाशीच होती. ती काही बोलली नाही?

धाकटी : चार वाजता आल्या होत्या. म्हणाल्या, ह्यांना धाप लागलीय, छाती शिलाई मशीनसारखी चाललीय. तीस वर्षं मास्तरांच्या दुकानात काजं-बटणं केली त्यांनी.

मोठ्या सिस्टर : मग तू काय केलंस?

धाकटी : टॅब दाखवला. म्हटलं, काकू, हे बघा, हिरवं आहे. उगाच घाबरू नका.

मोठ्या सिस्टर : अरे देवा.

धाकटी : त्यांनी उलट माझीच माफी मागितली. तुमचा वेळ घेतला म्हणून.

मोठ्या सिस्टर : रडू नकोस. इकडे बघ. हा वीसच कुठून काढलास?

धाकटी : राहू द्या ना.

मोठ्या सिस्टर : सांग म्हणते ना.

धाकटी : तुम्हीच सांगितलं होतंत. पहिल्या आठवड्यात मी घड्याळ धरून एकेकापाशी पूर्ण मिनिट उभी राहायचे. तुम्ही हसलात. म्हणालात, अशाने संध्याकाळ होईल, बाई. पेशंट बरा दिसला की वीस लिहून मोकळं व्हायचं. आम्ही जन्मभर तेच केलं.

मोठ्या सिस्टर : म्हणाले खरी. पण तेव्हा कागद होता गं. कागद कुणी वाचत नव्हतं, डॉक्टर येऊन माणसाकडेच बघायचे. आता सगळे त्या हिरव्याकडे बघतात. हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

धाकटी : चौकशी होईल का?

मोठ्या सिस्टर : आपण तोंड उघडलं तर होईल. नाहीतर कोण विचारतंय? टॅबमध्ये मास्तर शेवटपर्यंत ठणठणीत आहेत.

धाकटी : सिस्टर, काकू येतायत. मी आत जाते.

मोठ्या सिस्टर : कुठेही जायचं नाही. माझ्याजवळ उभी राहा.

मास्तरांची बायको : सिस्टर, ह्यांचे कागद तयार आहेत ना?

मोठ्या सिस्टर : आहेत. बसा, वहिनी.

मास्तरांची बायको : बसत नाही. एक विचारू? रागावू नका हं. लेक सारखी म्हणतेय, आई, तू उशाशी होतीस, तुला कसं कळलं नाही? मी म्हटलं, वाटलं होतं गं मला, पण त्यांच्या मशीनमध्ये सगळं ठीक होतं. तेव्हा तो माझ्या मनाचाच खेळ होता का? की मी अजून एकदा यायला हवं होतं?

धाकटी : काकू, मी...

मोठ्या सिस्टर : थांब, मी बोलते. वहिनी, काल आम्ही मास्तरांचा श्वास मोजलाच नव्हता. आकडा मनानेच भरला. हिने भरला, पण ती सवय हिला मी लावली. आजच लेखी देणार आहे तसं. पुढे आमचं व्हायचं ते होईल.

मास्तरांची बायको : म्हणजे त्यांना खरंच धाप लागली होती?

मोठ्या सिस्टर : हो. तुम्ही अगदी वेळेवर सांगितलंत. आम्हीच ऐकलं नाही.

मास्तरांची बायको : लेक खाली उभी आहे. तिला एवढं सांगाल?