काकांची पांढरी मादी

तुम्ही हसाल, पण नेर गावात आमच्या काकांनी घराच्या छतावर पांढऱ्या कबुतरांची जोडी पाळली होती. "मादी दुसऱ्या नराकडे पाहातसुद्धा नाही!" असं गल्लीभर सांगत. दोन खेपा अंडी वाया गेली. तिसऱ्यांदा पिल्लू निघालं, ते थेट शेजारच्या गुरुजींच्या नरासारखं ठिपकेदार!

काका भडकले. "आजच देऊन टाकतो हिले!"

काकू तांदूळ निवडत म्हणाली, "काहून? तिले पिल्लू पाहिजे होतं. तुमचा नर नुसता छाती फुगवून घुमत राह्यते, तुम्ही पानठेल्यावर बसता तसा."

मादी घरीच राहिली. त्या दिवशी काका पानठेल्यावरून उजेड असतानाच परतले, हातात गरम भज्यांचा पुडा.

आता काकाही नाहीत, कबुतरंही नाहीत. खोटं वाटत असेल तर काकूला विचारा. भजी तळताना अजून छताकडे पाहून हसते.