रिकाम्या खाटेचं माप

बसा, बसा. पुढं सरका. देव काही चावत नाही, आणि मी चावले तरी विषारी नाही! म्हणा, दत्तमहाराज की — जय! ...हा काय जयजयकार झाला? भजी खाऊन सुस्तावल्यासारखा! पुन्हा एकदा... हं. आता महाराजांनी कूस बदलली असेल.

मंडळी, परवा एका पोरीनं मला जिन्यात गाठलं. म्हणते, "आक्का, आमच्या कामाच्या लोकांचं एक मंडळ आहे. वर्गणी भरू का? मिळतं काय तिथं?" म्हटलं, गुरुवारी देवळात ये, जिन्यात उभं राहून सांगण्याजोगं नाही ते. आलीये बरं का, खांबामागं बसलीये. लपू नकोस गं, पदर दिसतोय!

तर प्रश्न असा. आपल्याला आपलं काम येतं. चांगलं येतं. मग तेच काम करणाऱ्या चार जणांत जाऊन बसावं कशाला? बोला की! — तबल्यावरचे गजाभाऊ म्हणतात, चहासाठी. गजाभाऊ, तुम्ही इथंही चहासाठीच येता, ठाऊक आहे मला!

ऐका. मिरजेत होता एक हेरंब बावडेकर. काम काय? प्रोजेक्ट मॅनेजर! आता हे काय असतं? लग्नघरात एक मामा असतो बघा — हातात ताट नाही, खांद्यावर पाट नाही, पण "वऱ्हाड कुठंवर आलं? आचारी आला का?" म्हणून सगळ्यांच्या मानगुटीवर. स्वतः काही करत नाही, आणि त्याच्यावाचून काही होत नाही. तो हा! फरक एवढाच, की याला पगार मिळतो.

हेरंब हुशार. आणि हुशार आहे हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक! त्याच्याकडं काम आलं डॉक्टर कमलताई आजगावकरांचं. ताईंचा जुना दवाखाना पडायला झालेला, शेजारीच नवी इमारत उभी. दसऱ्याच्या मुहूर्तावर सगळे रुग्ण जुन्यातून नव्यात न्यायचे. साधे रुग्ण चालत जातील हो! पण ज्यांच्या नाकाला नळी, छातीला तारा, त्यांचं काय? त्यांत एक होत्या गोदूआत्या मगदूम. प्राणवायूवर. हेरंब दिसला की नळीतूनच म्हणायच्या, "लेकरा, माझी खाट नीट नेशील न्हवं? मधीच सोडशील बघ!"

"आत्या, सगळा प्लॅन तयार आहे!"

आणि होताच. लॅपटॉप उघडला की रांगच्या रांग हिरवीगार. हिरवं म्हणजे ठीक, तांबडं म्हणजे बोंब. याच्याकडं तांबडं औषधालाही नाही!

त्यात ऑफिसनं सांगितलं, या मॅनेजर लोकांच्या असोसिएशनचा चॅप्टर सांगलीत निघालाय, सभासद हो. चॅप्टर म्हणजे शाखा. झाला. पहिल्या सभेला गेला कडक इस्त्रीत, खिशात कार्डांचा गठ्ठा. आणि बघतो तर काय? हॉलला कुलूप! बाहेर सगळे मॅनेजर उभे. सगळे! एकेकानं मोठाली कामं तडीस नेलेली.

"चावी कुणाकडं आहे?"

"ते ठरलंय ना."

"कुणाकडं ठरलंय?"

"ते मागच्या सभेत ठरणार होतं."

मंडळी, हसू नका! मागच्या दत्तजयंतीला आपल्या समितीत अकरा अध्यक्ष होते आणि समईत वात घालायला मी एकटी होते! हसताय कसले?

सभा पायऱ्यांवर झाली. हेरंब घरी आला तो चिडूनच. "वृंदा, वर्गणी पाण्यात गेली! त्या लोकांना एक दार उघडता येत नाही!"

त्याची बायको वृंदा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग चावी तू का नाही घेतलीस?"

"मी? मी नवा सभासद आहे!"

"हातही नवेच आहेत का?"

बाईनं बरोबर टोचलं. पण त्याला टोचलं का? छे! इस्त्री कडक होती ना!

पुन्हा जायचं नाही, असं ठरलं. आणि मग तिकडून निरोप आला — दवाखान्याच्या कामाबद्दल आमच्यापुढं बोला. झालं! निघाला की ताठ! कौतुक ऐकायला मिळणार म्हटल्यावर माणूस चिखलातून जातो. मी तरी का आलेय इथं?

या वेळी हॉल उघडा होता. हेरंबनं पडद्यावर आपली हिरवी शेती दाखवली. खाटेची लांबी, लिफ्टची लांबी, खाटेची रुंदी, दाराची रुंदी. सगळं बसतंय! टाळ्या पडल्या. आणि मागून एक बाई उठल्या. हेर्लेकर मॅडम. केस पांढरे, कामावरून निवृत्त, आवाज मात्र निवृत्त नाही.

"बावडेकर, खाट रिकामी मोजलीत का भरलेली?"

"म्हणजे?"

"खाटेवर माणूस असतो. डोक्याशी सिलिंडर. एक जण ढकलणारा, एक नर्स श्वास देणारा फुगा दाबत चालणारी. ती काय लिफ्टच्या छपरावर बसणार?"

लोक हसले. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, "मी पण रिकामीच मोजली होती. एका सूतिकागृहाचं काम. नुकतं पोट शिवलेली बाळंतीण खाटेवर, आणि लिफ्टचं दार मिटेना. बाळासकट ती दुपारभर जिन्याखाली पडून होती, उकाड्यात. माझ्याकडं नुसती बघत राहिली. माझ्या कंपनीत मी हे कुणाला सांगितलं नाही. इथं सांगते, कारण उद्या तुम्ही तेच करणार आहात."

सांगा मंडळी, असं कुठं ऐकायला मिळतं? साहेबापुढं कोण बोलेल? पगार कापतील! घरी बोललं तर सासू जन्मभर काढेल — मी सासू आहे, मला माहीत आहे. पुस्तकात तर सगळे जिंकलेलेच असतात!

आपली पालखी आठवा. देवळाच्या दारातून जाते ना? जाते. पण पालखी काय हवेत चालते? तिच्याखाली भोई असतात, त्यांचे खांदे दाराला घासतात. सुताराला भोयांचं माप दिलं नसतं तर महाराज आत आणि आपण बाहेर राहिलो असतो!

हेरंब तोंड पाडून घरी आला. वृंदानं ताट वाढलं, त्यानं ते बाजूला सारून लिफ्टची मापं पुन्हा काढली. कानात एकच — लेकरा, नीट नेशील न्हवं?

सकाळी त्यानं फोन केला. कुणाला? हेर्लेकर मॅडमना! "मॅडम, माझी माणसं जुन्या दवाखान्याच्या कामात गुंतलीत. खाट लिफ्टमध्ये घालून बघायचीय. कुणी मिळेल?"

आला की हो अख्खा चॅप्टर! आणि मग जे झालं ते बघायला मी असते तर वर्षभराची करमणूक झाली असती. खाटेवर रुग्ण कोण? तर हेरंब स्वतः! सहा फुटी देह, उशाशी सिलिंडर, नाकाला नळी. आणि भोवती सगळे मॅनेजर.

"आधी डावीकडून घ्या!"

"नाही, आधी ठरवू या, डावीकडं कोण?"

"वेळ कोण मोजतंय?"

खाट जागची हलेना! शेवटी हेर्लेकर मॅडम कडाडल्या, "अहो, एकानं तरी ढकला!" तेव्हा कुठं हात लागले. खाट आत गेली. मॅडम फुगा घेऊन आत, ढकलणारा आत... आणि दार? मिटतंय, उघडतंय, मिटतंय, उघडतंय. हेरंबच्या पावलांवर आपटतंय. दाणकन! दाणकन! खाटेवर पडल्यापडल्या त्याला सगळं दिसलं. आज माझे पाय आहेत. दसऱ्याला इथं आत्या असत्या. दोन दारांच्या मध्ये. ना आत, ना बाहेर.

आता खरी परीक्षा. डॉक्टर कमलताईंपुढं जायचं! ताईंनी पत्रिका वाटलेल्या, मंत्री येणार, बँड ठरलेला. हेरंब तसाच लंगडत गेला.

"ताई, दसऱ्याला रुग्ण हलवता येणार नाहीत."

"काय बोलतोस? काल तर सगळं हिरवं होतं!"

"हिरवं मीच रंगवलं होतं, ताई. चूक माझी."

ताईंनी चष्मा काढला. हेरंबला वाटलं, संपलं, नोकरी गेली! ताई म्हणाल्या, "पायाला काय झालं?"

"लिफ्ट चावली. आत्यांच्या जागी मी झोपून बघितलं."

ताईंनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "फीत दसऱ्यालाच कापू. मंत्र्यांना रिकामी इमारत चालते. माझे रुग्ण मात्र दार मिटल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. उपाय सांग."

उपाय होता! मागच्या बाजूला सामानाची मोठी लिफ्ट होती, फरश्या आणि सिमेंटच्या पोत्यांनी भरलेली. ती मोकळी केली, धुतली, तपासून घेतली. खाट भरून तालीम केली. दिवाळी उलटल्यावर गोदूआत्या निघाल्या. उशाशी सिलिंडर, बाजूला नर्स, पायाशी हेरंब. दार सरकलं... आणि मिटलं!

आत्या म्हणाल्या, "एवढंच? मी उगंच देवाला नवस बोलले."

पुढच्या सभेला लोक आले तर हॉल उघडा, दिवे लागलेले, आणि हेरंब खुर्च्या मांडतोय. चावी त्याच्या खिशात. सगळे बसल्यावर तो उठला, कार्ड काढलं नाही, लॅपटॉप उघडला नाही. म्हणाला, "मी रिकामी खाट मोजली होती. ऐका."

तर खांबामागच्या पोरी, वर्गणी भरायची का? नुसती कार्डं वाटायला, चहा प्यायला, भिंतीवर सभासदाचा कागद टांगायला जाणार असशील, तर नको भरूस, त्यात साडी घे! पण आपलं बिघडलेलं काम चारचौघांत काढून ठेवणार असशील, दुसऱ्याची खाट ढकलणार असशील, तर भर. आणि पहिल्या दिवशी चावी मागून घे.

आणि बाकीच्यांनी दात काढू नका! या दत्तमंडळाचे तुम्ही सगळे सभासद. पावती फाडलीत, नाव फळ्यावर आलं, झाली भक्ती! जयजयकार झाला की चपला शोधायला पळता. मागं सतरंज्या कोण उचलतं? देव उचलतो?

हे बघा, या सतरंजीचं एक टोक मी धरलंय. गुडघे दुखतात, तरी धरलंय. आरतीचं तबक मागून फिरेल.

हं, दुसरं टोक कोण धरतंय?