वॉशरचा कान

आमचं घर झाशीत, खंडेराव गेटच्या आतलं. आजोबांचे आजोबा फौजेबरोबर दक्षिणेतून आले आणि इथेच राहिले, असं घरात सांगतात, कोणत्या गावचे ते आता कुणालाच ठाऊक नाही. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, गॅरेजात बुंदेली, असं आमचं चाललेलं असतं, तर माझी मराठी तुम्हाला कुठे कुठे खटकेल, समजून घ्या. भाऊबंद सगळे शाळेत नाहीतर दफ्तरात, मी एकटा काळ्या हातांचा निघालो. वडील हसून म्हणायचे, आपल्याकडे तलवार होती, आता पाना आला, लोखंड तेच. ते हसून म्हणायचे, पण आई ते खरं धरायची. खंडेनवमीला पाटावर आजोबांची गंजकी तलवार, आणि तिच्या शेजारी माझे पाने, हातोडे, जॅकचा दांडा, सगळं धुऊन पुसून, हळदकुंकू, झेंडूची फुलं. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. आमच्या घरात देवदर्शन चुकलं तर चालायचं, हे नाही चालायचं.

हे आधी सांगतोय, कारण पुढे मी याच्याच आडोशाला इतकी वर्षं बसलो.

हरप्रसाद बरुआसागरचा. खदानीवर ट्रक चालवायचा, फौजेतून लिलावात निघालेला जुना ट्रक, चारही चाकांना जोर असलेला, कारण खदानीच्या चढावर साधी गाडी दगड घेऊन वर येतच नाही. माझ्याच वयाचा, बडबड्या, गॅरेजात पाऊल टाकलं की म्हणणार, काय पंडत, जिंदा हो? मी म्हणायचो, अरे मी पंडित नाही रे, आम्ही शिपायांचे. तो म्हणायचा, मरेठा हो, जनेऊ हो न हो, हमाए लाने तो पंडतई हो. चहा मीच पाजायचा हे ठरलेलं, आणि चहात साखर कमी आहे हे त्यानं म्हणायचं हेही ठरलेलं. दारू तो घ्यायचा नाही. त्याचा बाप दारूत गेला होता, त्यामुळे वासही सहन व्हायचा नाही त्याला. हे लक्षात ठेवा.

आता या ट्रकच्या पुढच्या चाकाचं सांगतो, त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. बेअरिंग झिजलं की आधी आवाज येतो, घूं घूं असा, जात्यासारखा. सरळ रस्त्यावर एक आवाज आणि वळणावर दुसरा. डावीकडे वळताना वाढला तर बहुतेक उजवं चाक, कारण वजन तिकडे जातं. मग चाक जॅकवर उचलायचं, एक हात वर एक हात खाली धरून हलवायचं, खटखट झाली तर समजा खेळ पडला आहे. तरी लगेच बेअरिंगला दोष द्यायचा नाही, ट्रकचा किंगपिन, ज्यावर चाक डावीउजवीकडे वळतं तो, झिजला तरी तशीच खटखट येते, म्हणून कुणाला तरी ब्रेक दाबायला लावून पुन्हा हलवायचं, खटखट थांबली तर बेअरिंग. मग हब उघडायचा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा. आत दोन बेअरिंगं, एक मोठं एक लहान, दोघांच्या वाट्या हबमध्ये ठोकून बसवलेल्या, त्या वाट्यांसकट बदलायची, जुन्या वाटीत नवं बेअरिंग घातलं तर ते आठवड्यात खराब होतं. ग्रीस तळहातावर घेऊन दाबून दाबून भरायचं. आणि शेवटी नट. चाक हातानं फिरवत फिरवत नट कसायचा, चाक जड झालं की किंचित मागे सोडायचा. किती मागे, ते मनगटाला कळतं. त्यावर वॉशर, त्यावर दुसरा नट, आणि वॉशरचा कान नटाच्या सपाट बाजूवर ठोकून वाकवायचा. तो कान वाकला की नट जागचा हलत नाही. एवढासा पत्रा, पण सगळं चाक त्याच्या भरवशावर.

त्या वर्षी अष्टमीला हरप्रसादची गाडी उघडून ठेवली होती. वाट्या बसल्या, पण आतलं ग्रीस धरून ठेवणारं सील मिळेना. ते नवमीला सकाळी मिळालं. मी येऊन बघतो तर आईनं भल्या पहाटे गॅरेजातली सगळी औजारं घरी नेऊन पूजेला मांडलेली, आणि त्यात तो हबच्या नटाचा खोल पानाही. तसा पाना आमच्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मी हरप्रसादला म्हटलं, कल शाम तक रुक जा. तो म्हणाला, खदानीचा मुंशी सकाळपासून चार माणसं पाठवतोय, आज गाडी नाही गेली तर उद्या दुसरा ड्रायव्हर बसवेल. तुमच्या देवाला सांगा ना, पंडत, पाना थोड्या वेळासाठी उधार द्या. मी हसलो, घरी गेलो नाही. शेजारच्या वेल्डरकडून छिन्नी हातोडा मागून आणला, नटाच्या कडेला छिन्नी लावून ठोकत ठोकत कसला. तसं पुष्कळ मिस्त्री करतात, पण छिन्नीनं मनगटाला काही कळत नाही. आणि नटाच्या कडा छिन्नीनं फुलल्या, त्यामुळे वॉशरचा कान त्यावर बसेना. बसवायचा तर नट काढून कडा घासायच्या, पुन्हा कसायचा, पुन्हा ठोकायचा.

मी तो कान तसाच ठेवला. सरळ. वर झाकण लावलं आणि म्हणालो, हो गया, जाओ.

लोकांना मी पुढे काय सांगितलं ते सांगतोच, पण मनाला मी हे सांगत आलो की आईचा नेम होता, पूजेतला पाना कसा उचलणार. तेही खरं. पण काय सांगू तुम्हाला, खरी गोष्ट अशी की घरी पुरण शिजत होतं, बहीण माहेरी आली होती, आणि मला हात धुवायचे होते. कडा घासायला वेल्डरची कानस होती. मी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्या बुंदेलखंडात दसऱ्याला पान खिलवतात, ज्याच्या घरी जाल तो पान देतो, गळे मिळतो. हरप्रसाद बायकोच्या हातचे विडे घेऊन घरी आला, आईच्या पाया पडला, मी त्याला आपट्याचं पान दिलं, त्यानं मला विडा. आणि जाता जाता म्हणाला, पंडत, तनक गूँज अबै है चाक में, म्हणजे थोडी घूं घूं अजून आहे. माझ्या तोंडात त्याचंच पान होतं. मी म्हटलं, नया बेयरिंग है, बैठेगा. तो म्हणाला, हओ, तुम कह रए तो बैठ जैहे.

संध्याकाळी पूजा उठली, पाना पुन्हा गॅरेजात खिळ्यावर गेला. बरुआसागर काय लांब नाही. मी गेलो नाही.

दिवाळीच्या आत, भरलेला ट्रक खदानीच्या उतारावरून येत असताना पुढचं चाक हबसकट निघून गेलं. गाडी खड्ड्यात उलटली. दगड त्याच्यावर आले. मला बोलावलं, कारण गाडीचा मिस्त्री मी. चाक पलीकडे धुळीत पडलं होतं. नट मिळाले नाहीत, वॉशर मिळाला, झाकणात अडकलेला, कान तसाच सरळ, जणू आत्ता दुकानातून आणला. मी तो खिशात घातला. मुंशीनं विचारलं, का हुआ मिस्त्री? मी म्हणालो, माल ज्यादा होता, उतारावर त्यानं एकदम ब्रेक दाबला असेल. मुंशी म्हणाला, पिए होगा. मी दारूचं नाव काढलं नाही. पण नाही, तो पीत नव्हता, हेही म्हणालो नाही. तेवढ्यावर खदानीनं हात झटकले, आणि गावात झालं, दारुडा होता, आपणच मेला.

त्याची बायको रामकली. मी तिला भौजी म्हणायचो. तिनं लोकांची भांडी घासली, मुलगी वाढवली, गुड्डी. आणि दर दसऱ्याला धाकट्या दिराच्या, लखनच्या हाती मला पान पाठवलं; तो हरप्रसादहून इतका लहान की मला कक्काच म्हणायचा. म्हणायची, उनके दोस्त तो भैया एकई थे. मी ते पान खायचो. आई गेली, माझे केस गेले, पान येत राहिलं. बायको विचारायची, दसऱ्याला तुम्ही जेवत का नाही. मी म्हणायचो, पित्त.

गेल्या वर्षी, उन्हाळा लागला होता, लखन ट्रक घेऊन आला. तोही आता ड्रायव्हर, दुसऱ्या खदानीवर, पण तसाच लिलावातला ट्रक. म्हणाला, कक्का, पुढं घूं घूं करतंय. मी हब उघडला, वाट्या ठोकून काढत होतो, आणि तो टायरवर बसून सांगायला लागला की गुड्डीला बघायला मोठ गावाहून माणसं येणार आहेत, पण त्यांच्या कानावर गेलंय की बाप पिऊन मेला, घर तसलं आहे. याआधी एक स्थळ त्याच्यावरूनच परत गेलं. भौजी म्हणतात, भैया को ले आओ, वे बता देंगे, वे तो सब जानते हैं.

सब जानते हैं. हातोडा माझ्या हातात तसाच राहिला. लखन म्हणाला, का भओ कक्का, चोट लगी? मी म्हटलं, नाही. त्या दिवशी मी कान वाकवला, बोटानं चाचपला, झाकण लावलं, पुन्हा काढून बघितला.

मोठची माणसं अंगणात खाटेवर बसली होती. रामकलीनं सगळ्यांपुढे विड्यांची थाळी ठेवली, माझ्यापुढे आधी. डोक्यावर पदर, चेहऱ्यावर इतका भरवसा, की मला वाटलं उठून पळावं. मी म्हणालो, हरप्रसाद दारूला शिवत नव्हता. भौजीनं मान हलवली, बघा, मी म्हणत होते ना. इथे थांबलो असतो तर चाललं असतं. पण मुलाचा मामा, म्हातारा माणूस, शेतकरी, तो म्हणाला, मिस्त्रीजी, बुरा मत मानियो, दोस्त तर असंच म्हणणार. मग शुद्धीतल्या माणसाची गाडी उलटली कशी?

मग मी सांगितलं. छिन्नी, पुरण, कान, नया बेयरिंग है बैठेगा, खिशातला वॉशर, मुंशीला काय बोललो ते, सगळं. वॉशर बरोबर नेला होता, तो खाटेवर ठेवला. कुणी हात लावला नाही त्याला. म्हातारा म्हणाला, मोड़ी के बाप में खोट नईं हती. मुलीच्या बापात खोट नव्हती, एवढंच त्याला हवं होतं. लखन भिंतीकडे तोंड करून उभा. रामकली पुढे आली. माझ्यापुढची थाळी उचलली आणि म्हणाली, पंद्रह साल हमने तुमें पान खबाओ. बस. आत गेली.

गुड्डी मोठला नांदते आहे. मला लग्नाचं बोलावणं नव्हतं, ते बरोबरच. त्या दसऱ्याला पान आलं नाही. मी जेवलो, पण गोड लागलं असं नाही म्हणणार.

पण त्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सकाळी सकाळी गॅरेजच्या दारात लखनचा ट्रक. उतरला, राम राम नाही, कक्का नाही. म्हणाला, नट ढीलो लगत है. दुसरे मिस्त्री आहेत झाशीत, तो का आला हे मी विचारलं नाही. औजारं पूजेत होती. मी घरी गेलो, पाटावरून तो खोल पाना उचलला. बायको म्हणाली, अहो! मी तो तसाच हळदकुंकवासकट आणला, हब उघडला, चाक फिरवत नट कसला, किंचित मागे सोडला, कान वाकवला. नटाला पिवळे डाग पडले, ते पुसले नाहीत.

लखन पुढे आला, मला बाजूला सारून त्यानं स्वतः चाक वर खाली धरलं आणि सगळ्या अंगाच्या जोरानं हलवून बघितलं. एकदा. पुन्हा एकदा. मी बाजूला उभा होतो. मग जॅक उतरवला आणि गेला.

परवा पुन्हा आला होता. पुन्हा तसंच, माझं झाल्यावर स्वतः हलवून बघितलं. बघू दे. तो येतो आणि हलवून बघतो, एवढं आहे माझ्याजवळ. पाना आता मी पूजेला देत नाही, खिळ्यावरच असतो.