कोरडा काउंटर

तरन्नुम : ...अठरा, एकोणीस, वीस. दुसऱ्यांदा मोजल्या गोळ्या, वल्लरी. वीसच आहेत.

वल्लरी : एक जुलैला तुझ्या मेडिकलमधून साठ नेल्या होत्या ना, तरन्नुमताई?

तरन्नुम : साठ. तीस-तीसच्या दोन बाटल्या, बिल समोर आहे. रोज रात्री एक. जुलैचे एकतीस दिवस, ऑगस्टचे कालपर्यंत अकरा, झाले बेचाळीस. मध्ये डॉक्टरांनी दोन दिवस बंद ठेवायला सांगितली होती. म्हणजे घेतल्या चाळीस. साठातून चाळीस गेल्या...

श्यामला : वीस. आम्हाला दुसरीत शिकवलं होतं. आता तरी पटलं का, की तुझी आई एकदा घेतलेली गोळी विसरून पुन्हा घेत नाही?

वल्लरी : मग आकडा का चढतोय, आई? रक्त पातळ ठेवायची गोळी तीच, डोस तोच. तुझ्या हृदयातल्या नव्या व्हॉल्व्हसाठी रक्ताच्या पातळपणाचा आकडा, आयएनआर, अडीच ते साडेतीन हवा. जूनपर्यंत तीनच्या आसपास होता. जुलैअखेर पाच पूर्णांक दोन. दोन दिवस गोळी बंद, मग पुन्हा सुरू, आणि आज पाच पूर्णांक चार.

श्यामला : आकडे तुला पाठ, रक्त माझं.

वल्लरी : म्हणूनच बोलतेय. दात घासताना रक्त येतं, बांगडी लागली तरी हात काळानिळा होतो. उद्या मोरीत घसरलीस, डोक्याला लागलं, तर आतल्या आत रक्त वाहत राहील आणि घरात कोणी नसेल. डॉक्टर आज स्पष्ट म्हणाले, गोळी कोणीतरी हातात द्या.

श्यामला : आणि ते कोणीतरी हडपसरला अकराव्या मजल्यावर राहतं. तिथे मी दिवसभर लिफ्टचे आवाज ऐकायचे.

वल्लरी : तुझी बॅग मी भरून ठेवलीय.

श्यामला : पाहिली. चष्म्याचं घर विसरलीस.

तरन्नुम : उरलेलं भांडण घरी जाऊन करा. काकू, मी विचारते तेवढ्याचं उत्तर द्या. गुडघा दुखला म्हणून एखादी गोळी?

श्यामला : नाही.

तरन्नुम : सर्दीचं, पोटाचं काही? कोणाची उरलेली अँटिबायोटिक?

श्यामला : नाही.

तरन्नुम : काढा, चूर्ण, व्हॉट्सॲपवर आलेला कसला रस?

श्यामला : जेवणानंतर चिमूटभर ओवा. दाणे मोजलेले नाहीत, वल्लरीला सांगून ठेव.

वल्लरी : बघितलंस? आकडा चढल्यापासून हेच चाललंय. मी तक्ता करून दिला होता, रोज काय खाल्लं, किती वाजता. हिने पंधरा दिवस प्रत्येक रकान्यात 'नेहमीचं' एवढंच लिहिलं. एम.एस्सी.ला मी दोन वर्षं बॅक्टेरिया वाढवले, तेही इतके आडमुठे नव्हते.

श्यामला : त्यांना तू घर सोडायला सांगितलं नव्हतंस.

तरन्नुम : पालेभाज्यांचं काय?

वल्लरी : त्या जास्त खाल्ल्या तर आकडा उतरतो, चढत नाही. आणि डॉक्टरांनी ऑपरेशननंतर जानेवारीतच बजावलंय, एकदम जास्त खायच्या नाहीत. नाहीच खात ती जास्त.

तरन्नुम : जास्त नाही. मग किती? काकू?

श्यामला : जब्बारभाई असते तर एवढी उलटतपासणी केली नसती. औषध द्यायचे, तब्येत विचारायचे, संपलं.

तरन्नुम : अब्बा गिऱ्हाईकाला दुखवत नसत. मी दुखवते. बरं, उलटं विचारू. काय सोडलंत?

श्यामला : म्हणजे?

तरन्नुम : ही समोर ज्ञानदेवची हातगाडी. दर बुधवारी तुम्ही तिथून चाकवत, अंबाडी, अळू घ्यायचात आणि ओली पिशवी या काउंटरवर ठेवून माझ्याशी बोलायचात. पाणी, माती, सगळं बिलाच्या पुस्तकावर. मी कुरकुरायचे. महिना झाला, माझा काउंटर कोरडा आहे.

श्यामला : पावसाळ्यात पालेभाजीला कीड असते.

तरन्नुम : मागच्या पावसाळ्यातही होती, तेव्हा नेलीत. काकू, रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातली निम्मी माणसं गोळ्यांच्या वेळा आपल्या आपण बदलतात. विचारलं की म्हणतात, नेहमीसारखंच चाललंय. खोटं बोलायचं नसतं त्यांना. देवाशी ठरलेलं औषधवाल्याला कशाला सांगायचं, असं वाटतं. तुमचा काय नेम आहे?

श्यामला : सांगितला तर तो नेम राहत नाही.

वल्लरी : आई. पाच पूर्णांक चार.

श्यामला : ऐकलंय मी. ...चातुर्मासात पालेभाजी सोडली आहे. आषाढी एकादशीपासून. आमटीवर कोथिंबीरसुद्धा नाही.

वल्लरी : आणि तक्त्यात 'नेहमीचं'?

श्यामला : तू विचारलंस, काय खाल्लं. न खाल्लेल्याचा रकाना कुठे होता?

वल्लरी : ही गोळी ज्या 'के' जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते, ते पालेभाजीतून येतं. ते तू बंद केलंस. मग त्याच एका गोळीचा जोर वाढणारच. आणि मी इकडे दोन आठवडे गोळ्या मोजतेय. सोडायचंच होतं तर कारलं सोडायचं, तुला आवडतही नाही.

श्यामला : नावडतं सोडून देवाला काय फसवायचं? ऑपरेशनच्या आदल्या रात्री बोलले होते. हे पार पडू दे, आणि पुन्हा माझं मला माझ्या घरात राहता येऊ दे.

तरन्नुम : स्टुलावर बसा, काकू.

वल्लरी : आजपासून पालेभाजी खायची. ज्ञानदेवकडून दोन जुड्या घेते.

श्यामला : घे. तूच खा.

तरन्नुम : थांब, वल्लरी. एकदम दोन जुड्या खाल्ल्या आणि आकडा धाडकन खाली आला, तर व्हॉल्व्हवर गुठळी धरेल. काकू, नेम ठेवायचा की मोडायचा, ते तुमचं. पण जे कराल ते डॉक्टरांना सांगून करा. नेम ठेवलात तर ते डोस त्यावर बेततील. कार्तिकीला नेम संपेल, त्याच्या आधी पुन्हा सांगायचं. आजची गोळी बंदच. रक्त थांबेना किंवा डोकं खूप दुखायला लागलं, तर थेट हॉस्पिटल, मला फोन करत बसू नका.

श्यामला : डॉक्टरांना सांगितलं की गावभर होणार.

तरन्नुम : डॉक्टरांपासून लपवीन, असं बोलला होतात का देवाशी?

श्यामला : तसं काही बोलले नव्हते.

तरन्नुम : मग नंबर सांग, वल्लरी. लावते फोन.

(दोन आठवड्यांनी. तेच दुकान.)

तरन्नुम : तीन मिलिग्रॅमच्या त्या उरलेल्या वीस गोळ्या आणल्यात? द्या इकडे. आता डॉक्टरांनी दोन मिलिग्रॅमची दिली आहे. घरात दोन ताकदीच्या गोळ्या एकत्र नकोत.

श्यामला : घे. ज्ञानदेव विचारत होता, माझ्यावर रागावलात का. शेवटी त्यालाही नेम सांगावा लागला. रास्ता पेठेत न कळलेलं आता कोणी उरलं नाही.

तरन्नुम : आणि भाजी?

श्यामला : भाजी कार्तिकीला. शब्द तो शब्द.

वल्लरी : थांबा जरा. रिपोर्ट आलाय, उघडतोय.

श्यामला : आकडा अजून चढलेलाच असेल तर येते तुझ्याकडे, बॅग दाराशी काढून ठेवली आहे. चष्म्याचं घर आत टाकलंय.

वल्लरी : दोन पूर्णांक नऊ.