बर्फावरचा आकडा

फेलगोना : आई, ह्याच्यावर हे कुणी घातलं?

विल्किस्टा : घर माझं, बैठक माझी, रुमाल मी विणलेला. दुसरं कोण घालणार?

फेलगोना : अहो, चाचणी चालू होती! हात लावून बघा. तव्यासारखा तापलाय.

विल्किस्टा : तापू दे. टीव्हीच्या माथ्यावर रुमाल आहे, रेडिओवर आहे, सोफ्याच्या पाठीवर आहे. तुझा हा चपातीच्या डब्याएवढा कॉम्प्युटर तेवढा उघडाबोडका. संध्याकाळी बचत गटाच्या बाया येणार. म्हणतील, विल्किस्टाच्या घरात सगळ्या सुया गंजल्या वाटतं.

फेलगोना : त्याला श्वास लागतो, आई. खालून घेतो, मागून सोडतो. तुमच्या नाकातोंडावर पांघरूण घालून चढावर पळायला लावलं तर?

विल्किस्टा : मी पळतच नाही. चढावर तर मुळीच नाही.

फेलगोना : हसू नका. हा आकडा बघा. सुरुवात नऊ हजारांनी झाली होती, आता पाचावर आलाय. नैरोबीच्या ऑफिसातल्या बाईंनी काय लिहिलंय? अर्धा तास सलग चाचणी चालवा आणि शेवटचा आकडा पाठवा. आठ हजार भरले तर घरून काम. नाहीतर ऑफिसात येऊन बसा.

विल्किस्टा : आणि तो आजच पाठवायचा.

फेलगोना : आजच. नाहीतर रविवारची बस.

विल्किस्टा : चाचणी म्हणजे हा करतो तरी काय? नुसता घोंगावतो.

फेलगोना : एकाच घराचं चित्र पुन्हा पुन्हा काढतो. माझं कामच ते. लोक नकाशा देतात, घर उभं राहायच्या आधी मी त्यांना ते दाखवते. ओसरीवर ऊन कसं पडेल, छत कुठल्या रंगाचं शोभेल.

विल्किस्टा : न बांधलेली घरं. आणि बांधलेल्या घरात पोर आजीजवळ, बाप मोंबासाच्या बंदरात, आई नैरोबीत.

फेलगोना : म्हणून तर हा डबा विकत घेतला, आई. म्हणून तर.

विल्किस्टा : अन् मी रुमाल काही नुसता शोभेला नाही घातला. काल सरोवरावरून चिलटं आली ती विसरलीस? दिव्याखाली काळा ढीग झाला होता. सकाळी सूप भरून बाहेर टाकली मी. ती ह्याच्या पोटात नसतील गेली?

फेलगोना : थांबा, उघडूनच बघते. चारच स्क्रू आहेत. अरे देवा.

विल्किस्टा : काय दिसतंय?

फेलगोना : पंख्याच्या पात्यांवर चिलटांचा लगदा बसलाय.

विल्किस्टा : फेकू नकोस. माझी आजी ह्याच्या वड्या थापून खायला घालायची.

फेलगोना : आई, कोरडा ब्रश द्या. तो रंगाचा. बारीक केसांचा. म्हणजे पंचाईतच झाली. झाकला तर गुदमरतो, उघडा ठेवला तर चिलटं गिळतो.

विल्किस्टा : तुझ्या नवऱ्यासारखाच आहे. कसाही ठेवा, कुरकुर आहेच.

ओबिएरो : माझ्या भावाची निंदा चाललीय आणि मला बोलावलं नाही? वहिनी, शस्त्रक्रिया का? रोगी जगेल ना?

फेलगोना : दीरसाहेब, चेष्टा नको. हा तापतोय आणि वेळ थोडा उरलाय.

ओबिएरो : तापतोय? अगं, मग मासळीच्या शेडमध्ये काम करणारा दीर काय कामाचा? आमच्याकडे गरम वस्तूला एकच औषध. बर्फ.

फेलगोना : पाणी लागलं की संपलं सगळं.

ओबिएरो : पाणी कशाला लागतंय? पत्र्याची पेटी, आत बर्फ, झाकण घट्ट. झाकणावर तुझा राजा बसव. ह्याच पेटीत माझा मासा परवापर्यंत हसत राहतो.

विल्किस्टा : वास मारेल पेटी.

ओबिएरो : आई, त्या वासावर तू आम्हा दोघा भावांना शिकवलंस. आणतो.

(तासाभरानंतर. सोफ्यासमोर बर्फाची पेटी, तिच्या झाकणावर कॉम्प्युटर.)

फेलगोना : चाचणी संपली. नऊ हजार दोनशे. शेवटपर्यंत नऊ हजार दोनशे!

ओबिएरो : बोला आता! कुणाचं डोकं? मासेवाल्याचं!

विल्किस्टा : देवा, तुझे उपकार. पाठव लवकर.

फेलगोना : थांबा. ह्याची खालची बाजू ओली का लागतेय?

ओबिएरो : पेटी गळत नाही. पैज लाव.

फेलगोना : गळत नाही, घाम आलाय. थंड सोड्याच्या बाटलीला येतो तसा. बाजूला धर, बंद करते. फडकं द्या. आत नाही गेलं. नशीब आपलं.

ओबिएरो : मग झालं तर. आकडा मिळाला, पेटी मी उचलून नेतो. नैरोबीला काय वास जाणार आहे?

फेलगोना : आणि सोमवारपासून दिवसभर काम चालेल तेव्हा? रोज आणशील बर्फ?

ओबिएरो : आणेन की. माझं लग्न होईपर्यंत.

विल्किस्टा : फेलगोना, पाठव.

फेलगोना : आई, तुम्ही सांगताय हे? टोमॅटोच्या ढिगात तळाला सडके लपवले म्हणून तुम्ही त्या बाजारातल्या बाईशी बोलणं टाकलंत.

विल्किस्टा : टाकलं. अजूनही बोलत नाही. आणि तरी सांगते, पाठव. मला नीतीचे पाठ देऊ नकोस. मला तू इथं हवी आहेस.

ओबिएरो : मी बाहेर जाऊ का?

विल्किस्टा : बस खाली.

फेलगोना : हे तुम्ही कधी बोलला नाहीत. मला वाटायचं, मी आले आणि तुमच्या बैठकीत वायरींचं जंगल झालं. टीव्ही मी ह्या डब्याला जोडला, तुमच्या बातम्या गेल्या. तुम्हाला मी अडचणच झाले.

विल्किस्टा : बातम्या गेल्या खऱ्या. पण त्या बघायचे तरी का मी? घरात कुणीतरी मोठ्यानं बोलावं म्हणून. आता तू बोलतेस, पोर बोलते. बातम्यांना काय चाटायचंय?

फेलगोना : म्हणूनच नाही पाठवायचा, आई. ह्या बर्फावरच्या आकड्यावर मी इथं राहिले आणि पहिल्याच आठवड्यात मशीन मधेच बसलं, तर त्या पुन्हा घरून काम देतील? मग मी कायमचीच जाईन.

विल्किस्टा : मग दुसरं काय आहे तुझ्याकडे? आहे का काही?

फेलगोना : आहे एक. मघापासून मन धजत नव्हतं. ह्याला वीज कमी पाजायची. किती जोर लावायचा ते आतल्या मांडणीत ठरवता येतं. आत्ता हा आरंभशूर आहे. सुरुवातीला वाघ, पाच मिनिटांत शेळी. जोर उतरवला तर पळणार कमी, पण तापणारही कमी. मग शेवटपर्यंत टिकेल.

ओबिएरो : मग धजायला काय झालं?

फेलगोना : सुरुवातच आठ हजारांच्या अलीकडे-पलीकडे होईल. हातात काही शिल्लक राहणार नाही.

विल्किस्टा : आणि चिलटांचं काय?

फेलगोना : जुनी मच्छरदाणी आहे ना, ती. पण अंगाला लपेटायची नाही. मोठी चौकट करून तिच्यावर ताणायची, चारी बाजूंना हातभर जागा सोडून. म्हणजे हवा भरपूर आणि किडे बाहेर.

ओबिएरो : चौकटी शेडमध्ये पडल्यात. ओमेना वाळवायच्या.

फेलगोना : मासे सुकवायच्या? वास, दीरसाहेब, वास!

ओबिएरो : प्रत्येक ऑफिसला आपापला वास असतो, वहिनी.

विल्किस्टा : मच्छरदाणी मी शिवते. कडेला विणणार मात्र.

फेलगोना : आई, विणकाम नको हो, हवा अडते.

विल्किस्टा : कडेला म्हटलं, मधे नाही. कड टेबलावर टेकणार. टेबलातून येते का तुझी हवा?

फेलगोना : नाही येत.

विल्किस्टा : मग सुई ओवून दे. आणि डबा असा टेबलाला पोट लावून का बसवलायस? खालून श्वास घेतो म्हणालीस ना?

फेलगोना : खरंच की. चार कप उपडे घालते त्याच्याखाली. ते कान तुटलेले.

विल्किस्टा : चांगले घे. बाया येणार आहेत.

ओबिएरो : वहिनी, ही घे चौकट. दोन वेळा धुतली. तिसऱ्यांदा धुतली तर लाकूडच उरणार नाही.

फेलगोना : ठेव. आई, झाली का शिलाई? सोडा वरून. अशी. आता कुणी हात लावायचा नाही. सुरू करते.

ओबिएरो : घोंगावत नाहीये हा. जिवंत आहे ना?

फेलगोना : आहे. मघाशी पंचाण्णव अंशांवर होता, आता पंचाहत्तर.

विल्किस्टा : पंचाहत्तर म्हणजे बरं की वाईट?

फेलगोना : बरं. खूप बरं.

ओबिएरो : आई, तू का कुजबुजतेस? त्याला ऐकू येत नाही.

विल्किस्टा : तुला काय माहीत?

ओबिएरो : अर्धा तास झाला वाटतं. वहिनी, थांबला तो.

फेलगोना : हो.

विल्किस्टा : सांग ना गं!

फेलगोना : सात हजार नऊशे चाळीस.

ओबिएरो : साठ कमी? साठच? पुन्हा लाव. मी पुठ्ठ्यानं वारा घालतो.

फेलगोना : सोमवारनंतर पुठ्ठा घेऊन बसशील? नको. ही रेघ बघा. सुरुवात इथं, शेवट इथं.

विल्किस्टा : सरळ आहे की. शिवणीच्या टाक्यासारखी.

फेलगोना : अर्ध्या तासात वीसनंसुद्धा घसरला नाही. मी आकडा पाठवते आणि ही अख्खी रेघ पाठवते. खोलीत किती उकडत होतं तेही लिहिते. आणि हा असा मांडलाय त्याचा फोटो.

विल्किस्टा : फोटोत कड येऊ दे.

फेलगोना : आली. गेलं बघा, पाठवलं.

ओबिएरो : मी चहा टाकतो. माझ्यानं हे बघवत नाही.

विल्किस्टा : साखर जपून टाक. बायांना पुरायला हवी.

फेलगोना : आई, उत्तर आलं.

विल्किस्टा : वाच. मोठ्यानं वाच.

फेलगोना : "आठ हजार भरत नाहीत."

ओबिएरो : पाणी उतरवतो चुलीवरून.

फेलगोना : थांब रे, पुढे आहे. "पण बाकीचे लोक अकरा हजारांचा आकडा लिहून पाठवतात आणि त्यांची मशीनं ऐन कामात बसतात. इतकी सरळ रेघ मला कुणी पाठवली नव्हती. सोमवारी पहिलं घर देते. ती विणलेली कड कुणाची?"

ओबिएरो : आई गं! वहिनी!

विल्किस्टा : लिही, सासूची आहे म्हणून. नाव पूर्ण लिही.

ओबिएरो : तुझ्या डोळ्यांत काय गेलं, आई? चिलट?

विल्किस्टा : तू ती पेटी उचल आधी. फरशी ओली केलीस सगळी. ऐकलंस का, फेलगोना? शाळा सुटली वाटतं, पोरांचा गलका येतोय.

फेलगोना : माझी अकेयो असेल त्यांत.

विल्किस्टा : मग ऊठ, फाटकाशी जा. आजवर तुझं प्रत्येक जाणं मीच तिला सांगत आले. आजचं राहणं तू सांग.