सात अंगठे

मी, गल्लीत चष्मेवाल्या काकू म्हणून ओळखली जाणारी, वय ५७ वर्षे, व्यवसाय चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून फ्रेमला बसवणे, राहणार वाचनालयासमोरची इमारत, दुसरा मजला, आज १४ तारखेला सकाळी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्याप्रमाणे सांगते की,

वरील पत्त्यावर मी पती व सासूबाईंसह गेली एकोणतीस वर्षे राहते. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात आहे. तिथे जायला बसने सहा तास लागतात.

मयत बाई, वय ७४, या जमीन मोजणीच्या कार्यालयातून नकाशे काढण्याच्या कामावरून निवृत्त झाल्या होत्या. त्या एकट्या राहत. लग्न केलेले नव्हते. परदेशात एक भाचा आहे. माझी त्यांची ओळख अकरा वर्षांपूर्वी दुकानात झाली. चष्म्याचा नंबर एक रेघ चुकला आहे असे म्हणून त्यांनी मला तीच भिंगे तीनदा बदलायला लावली. तिसऱ्या वेळी त्यांचेच बरोबर निघाले.

सहा वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी मिळून 'हाक' हे काम सुरू केले. आमच्या भागात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी दहाच्या आत फोन करायचा. तीन वेळा करून उचलला नाही तर घरी जाऊन पाहायचे. एवढेच काम होते. यात कोणालाही मोबदला नव्हता. शेवटी शेवटी यादीत तेवीस म्हातारी माणसे होती आणि फोन करणारे आम्ही अकरा जण. बाई त्या अकरांपैकी होत्या.

'हाक'चा प्रमुख कोण, असे मला विचारण्यात आले. प्रमुख कोणी नव्हते. पहिली बैठक वाचनालयाच्या मागच्या खोलीत झाली. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांना आम्ही बँकवाले म्हणतो. ते म्हणाले, "चांगलं काम आहे, पण दोरी एकाच्या हातात असू द्या. उद्या काही झालं तर कोणाकडे बघायचं?" त्यावर बाई म्हणाल्या, "एकाला प्रमुख केलं की बाकीचे हात झाडून मोकळे होतात. मी कार्यालयात तेहतीस वर्षं तेच पाहिलंय. इथं प्रत्येकानं हे काम आपलं स्वतःचं समजायचं." मला ते पटले. मी बाईंच्या बाजूने हात वर केला. बँकवाल्यांनी शेवटी स्वतःचाही हात वर केला.

त्याच बैठकीत दुसरी एक गोष्ट ठरली. आपण पगारी नाही, तेव्हा कोणी कोणाला जाब विचारायचा नाही. एखाद्याचे फोन राहिले तर ज्याच्या लक्षात येईल त्याने ते गुपचूप करून टाकायचे. हे मी सुचवले होते. माझ्या घरी सासूबाई अंथरुणावर होत्या आणि माझेच फोन कधीमधी राहत असत.

असे पाच वर्षे नीट चालले. बाईंनी सगळ्या भागाचा नकाशा काढला होता. त्यात प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचे घर, कोणता जिना, कडी कोणत्या बाजूला, शेजारी किल्ली कोणाकडे, हे सगळे होते. त्या नकाशामुळे दोन माणसे वाचली. त्यातले एक मालगाडीवर गार्ड होते. ते रोज फोन उचलून "आहे अजून, निराश होऊ नका" असे म्हणत. एके दिवशी त्यांनी उचलला नाही. आमच्यातले औषधाच्या दुकानाचे मालक नकाशा बघून मागच्या दाराने आत गेले. गार्ड न्हाणीघरात पडले होते. ते आजही हयात आहेत.

त्या नकाशात बाईंच्या स्वतःच्या घरावर खूण नव्हती. त्यांची किल्ली शेजारी कोणाकडे नव्हती.

गेल्या वर्षी बाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि नंतर त्या जिन्यात दोनदा पडल्या. मी त्यांना म्हणाले, "आता तुमचं नाव यादीत घालू या. एक किल्ली माझ्याकडे द्या." त्या म्हणाल्या, "मी फोन करणाऱ्यांतली आहे. फोनची वाट बघत बसणाऱ्यांत मला बसवू नकोस." मी जास्त ताणले नाही. त्या दिवसापासून मी रोज साडेआठला त्यांना फोन करू लागले. आज कोणाला कोण फोन करणार आहे ते विचारायचे निमित्त असे. महिनाभराने त्या म्हणाल्या, "तू मला यादी विचारतेस, की मी आहे का ते विचारतेस?" मी म्हणाले, "यादीच विचारते." त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे." ही गोष्ट मी बाकीच्या कोणाला सांगितली नाही. बाईंना आवडले नसते.

४ तारखेला मंगळवारी पहाटे जावयांचा फोन आला की मुलीला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आहेत. मी सहाच्या बसने निघाले. बसमधून मी 'हाक'च्या मोबाइलवरच्या गटात निरोप टाकला. तो निरोप मी पोलिसांना दाखवला आहे. त्यात असे लिहिले होते: "मुलीकडे चालले आहे. चार-पाच दिवस नाही. बाईंना यादीच्या कामात कोणीतरी हातभार लावा."

बाईंना रोज फोन करा, असे स्पष्ट का लिहिले नाही, असे मला विचारण्यात आले. त्या गटात बाईही होत्या. त्यांनी ते वाचले असते.

निरोपाखाली सात जणांनी अंगठ्याची खूण केली. बस थांब्यावर थांबली तेव्हा मी ते अंगठे मोजले आणि मला बरे वाटले. कोणाकोणाचे आहेत ते मी त्या वेळी पाहिले नाही. नंतर पाहिले. त्यातला एक अंगठा बाईंचा होता.

५ तारखेला बुधवारी सकाळी मुलगी बाळंत झाली. मुलगा, वजन अकराशे ग्रॅम. संध्याकाळी बाईंचाच मला फोन आला. त्यांनी वजन विचारले. मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "काचेच्या पेटीत ठेवलंय ना? मग तू इकडची काळजी करू नकोस." आमचे ते शेवटचे बोलणे.

६ तारखेला गुरुवारी दुपारी दोन चाळीसला मी त्यांना फोन केला. पूर्ण रिंग झाली. उचलला नाही. त्या वाचनालयात गेल्या असतील किंवा झोपल्या असतील असे मला वाटले. वॉर्डात मोबाइल आत नेऊ देत नसत, म्हणून मी तो बाहेर पिशवीत ठेवला. त्यानंतर ७ आणि ८ तारखेला मी फोन केला नाही. बाळाला श्वास घेता येत नव्हता. शिवाय तिकडे कोणीतरी बघत असेल, असे माझ्या मनात होते.

बाईंकडे रोजचे तीन फोन होते, गार्ड आणि दोन बहिणी-बहिणी. ६ तारखेला त्या तिघांना फोन गेला नाही. त्याच दिवशी अकरा वाजता गार्डांनी बँकवाल्यांना फोन करून "आज बाईंची हजेरी नाही" असे सांगितले. बँकवाल्यांनी लगेच त्या दोघी बहिणींना फोन केले. ७, ८ आणि ९ तारखेलाही बाईंचे तिन्ही फोन बँकवाल्यांनीच केले, रोज दहाच्या आत. ठरल्याप्रमाणे त्यांनी बाईंना जाब विचारला नाही. माझ्या निरोपाखालच्या स्वतःच्या अंगठ्याचा अर्थ त्यांनी तोच घेतला होता, की यादीच्या कामात हातभार लावायचा आहे. मी लिहिलेही तेच होते.

९ तारखेला रविवारी सकाळी मी बाईंना फोन केला तर तो बंद लागला. मी औषधाच्या दुकानाच्या मालकांना विचारले. ते म्हणाले, "मला वाटलं बँकवाले बघतायत." बँकवाल्यांना विचारले. ते म्हणाले, "मी तिचं काम बघत होतो." त्यांनी घरी जाऊन दार वाजवले, ते कोणी उघडले नाही. मी मिळेल त्या बसने निघाले आणि दुपारी तीनला पोहोचले. तोपर्यंत बँकवाल्यांनी पोलिसांना कळवले होते. हवालदारांच्या समक्ष सुताराने कडी काढली.

बाई स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या जागेत उजव्या कुशीवर पडलेल्या होत्या. मी त्यांना ओळखले. खोलीची व्यवस्थित पाहणी पोलिसांनी केली आहे, मी त्यात काही भर घालत नाही. फोन टेबलावर होता. टेबल त्यांच्यापासून तीन-साडेतीन हातांवर होते. टेबलावरचा कपडा एका बाजूने ओढला गेलेला होता, पण फोन पडलेला नव्हता.

डॉक्टरांनी मला सांगितले की खुब्याचे हाड मोडले होते. ६ तारखेला सकाळी त्या पडल्या असाव्यात आणि ७ तारखेच्या दुपारपर्यंत, कदाचित संध्याकाळपर्यंत, जिवंत असाव्यात. त्या वेळात त्यांना ऐकू येत असेल का, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले की ते सांगता येत नाही. फोन चार्ज करून पोलिसांनी पाहिला. त्यात न उचललेले दोन फोन होते. एक कुठल्या तरी कंपनीचा जाहिरातीचा आणि एक माझा, ६ तारखेचा, दोन चाळीसचा.

माझा कोणावरही संशय नाही. घरातली कोणतीही वस्तू गेलेली नाही.

जबाबदारी कोणाची होती, असे साहेबांनी मला विचारले. मी म्हणाले, "सगळ्यांची." साहेबांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "काकू, मला इथं नाव लिहावं लागतं. 'सगळे' असं नाव लिहिता येत नाही." मी म्हणाले, "मग माझं लिहा." ते म्हणाले की तसेही लिहिता येणार नाही, कारण मी नेमलेली नव्हते आणि त्या दिवशी गावात नव्हते. परदेशातल्या भाच्याशी माझे फोनवर बोलणे झाले. तो म्हणाला, "मला यायला जमणार नाही. तुम्ही लोकच काय ते करा." तुम्ही लोक म्हणजे कोण, हे त्याला मी विचारले नाही. दवाखान्याच्या कागदावर मयताशी नाते या ओळीत मी 'ओळखीची' असे लिहिले.

११ तारखेला वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठक बोलावली. आम्ही पाच जण आलो. प्रत्येकाने आपण काय केले ते सांगितले. ज्यांनी अंगठा केला होता त्यांतले एकजण म्हणाले की त्यांनी निरोप वाचला एवढेच त्यांना कळवायचे होते. आणखी एकजणी म्हणाल्या, त्यांना वाटले की ते नातू झाल्याबद्दल आहे. निरोपाच्या वेळी नातू झाला नव्हता. बँकवाले "मी सांगितलं होतं" असे एकदाही म्हणाले नाहीत. मी त्याचीच वाट बघत होते. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते. जाताना ते मला म्हणाले, "तुम्ही एक शब्द मला बोलला असता, की रोज तुम्ही तिला फोन करता, तर मी गेलो असतो. दोन मिनिटांचा रस्ता आहे." मी म्हणाले, "तुम्ही तरी त्यांना विचारायचं, फोन का केले नाहीत म्हणून." ते म्हणाले, "विचारायचं नाही असं ठरलं होतं ना." 

त्याच दिवशी संध्याकाळी बँकवाले मोबाइलवरच्या गटातून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी आणखी सहा जण. कोणी कारण लिहिले नाही, फक्त औषधवाल्यांनी 'क्षमस्व' लिहिले. काल उरलेले दोघेही गेले, दुपारपासून गटात दोनच नंबर आहेत, माझा आणि बाईंचा.

१२ तारखेला मी तेवीस फोन एकटीने करून पाहिले. साडेतीन तास लागले, दुकानात उशीर झाला. काहींनी माझा आवाज न ओळखून फोन ठेवला. दोघी बहिणींतली मोठी म्हणाली, "बाईंचं झालं तेच आमचं होणार का?" मी पुढचा फोन लावला. १३ तारखेला नऊच फोन झाले. पती म्हणाले, "तू एकटी कितींना पुरणार आहेस?" बाळ अजून पेटीत आहे, मला उद्या परत जायचे आहे. आज मी इथे असल्यामुळे कोणालाही फोन झालेला नाही. यादी आणि नकाशा मी सोबत आणले होते आणि पोलिसांनी ते ठेवून घ्यावेत अशी विनंती केली. साहेबांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि घडी घालून परत दिला. पुराव्यासाठी त्याची गरज नाही आणि ठाण्यात दोन माणसे कमी आहेत, असे ते म्हणाले. 'हाक'चे काम बंद पडले आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. शेवटच्या ओळीत काम 'बंद करण्यात आले' असे लिहिले होते, ते मी खोडून घेतले. बंद करण्याचा अधिकार कोणालाच नव्हता आणि कोणी केलेले नाही, ते पडले आहे. खाडाखोडीवर मी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही
(चष्मेवाल्या काकू)