बापूच्या छातीचा फोटो

सांगलीच्या दवाखान्यातलं एक्स-रेचं धूड आधी घोंगावायचं आणि मग खाडकन वाजायचं. तो आवाज मला अजून ऐकू येतो, कारण त्याला भिऊन आमचा बापू उघड्या अंगानं बाहेर पळाला होता. तेव्हापासून खोकून बेजार झाला, तरी गडी छातीचा फोटो काढेना.

परवा माझी नात शिरवळच्या कारखान्यातून पिशवीत मावणारं एक्स-रेचं मशीन घेऊन गावात आली. ती ते बनवणाऱ्यांतलीच. समोर कोण आहे ते बघून त्याच्या किरणांचा जोर कमी-जास्त करता येतो.

बापू म्हणाला, "आदी माझ्या बैलाचा पाय बघ. लंगडतोय."

फोटोत खुरात मोडलेला खिळा दिसला. बापू खुलला.

"आता मला बी त्योच जोर लाव. पैलवान हाय मी!"

नातीनं त्याच्या छातीची जाडी मोजली आणि जोर खाली खाली आणत राहिली. "बापूआजोबा, तुम्हाला शाळेतल्या पोराएवढाच पुरतोय की!"

आम्ही सगळे हसलो. बापूची बायको, आमच्या वहिनी, तेवढ्या हसल्या नाहीत.

"पुरंल न्हाई तर काय? बैल लंगडाय लागल्यापासनं ताटातली निम्मी भाकरी त्येलाच घालत्यात."

नातीसोबत आलेल्या डॉक्टरांनी फोटो पाहिला. "छाती साफ आहे. खोकल्याला औषध देतो, पण जेवायचं पोटभर."

"ऐकलंसा?" वहिनी म्हणाल्या. "भाकरी झाकून ठेवलीया."

बापूनं सदरा घातला, बैलाच्या पाठीवर थाप मारली, आणि खिळा काढायला त्याला आमच्याकडे सोडून, झाकलेली भाकरी खायला एकटाच घराकडे चालू लागला.